तारणाविना पत

कर्ज मागण्यास आलेल्या माणसाला बँक दोन प्रश्न विचारते. पैसे कशासाठी हवेत, हा पहिला आणि तारण काय देणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही उत्साहाने दिलेले असो, कागद पुढे सरकतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. शेतकऱ्याजवळ सातबारा असतो, सराफाजवळ सोने असते, कापड दुकानदाराजवळ माल असतो आणि कारखानदाराजवळ यंत्रे असतात. जमिनीचे गहाणखत होते, सोने तिजोरीत जाते, माल नजरगहाण राहतो. अधिकारी मधूनमधून गोदामात जाऊन पोती मोजतो व साठ्याच्या पत्रकाशी ताडून पाहतो. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांच्या बऱ्यावाईट अनुभवातून घडलेली आहे आणि तिच्यात शहाणपण आहे, हे कोणीही नाकारणार नाही.

१९८० च्या दशकात या पद्धतीसमोर एक वेगळाच अर्जदार येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ गोदाम नव्हते, कच्चा माल नव्हता, पक्का माल दिसत नव्हता. कार्यालय भाड्याचे होते. आपण परदेशी कंपन्यांसाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो आणि त्याचे डॉलरमध्ये पैसे मिळतात, असे तो सांगत असे. मोजण्यासाठी गोदामात जावे, तर मोजण्यासारखे तेथे काही नसे. अर्जाच्या छापील नमुन्यात तारणाचा रकाना कोराच राही आणि बहुतेक वेळा अर्ज परत जाई. त्यात अधिकाऱ्याचा दोष होता असे म्हणता येणार नाही. त्याच्या हातातील फूटपट्टीवर ही वस्तू मोजण्याची खूणच नव्हती.

त्या कोऱ्या रकान्यातून उभ्या राहिलेल्या व्यवसायाची निर्यात २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे २०० अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली आणि ५० लाखांहून अधिक माणसांना त्यात काम मिळाले. भारताच्या सॉफ्टवेअर सेवा उद्योगाची ही वाढ अनेकांनी अनेक अंगांनी मांडली आहे. कोणी तिचे श्रेय इंग्रजी भाषेला देतो, कोणी स्वस्त श्रमाला, कोणी सरकारी धोरणाला. या साऱ्यांचा वाटा आहेच. तथापि, हिशेबाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला या वाढीत आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते. हा तारणाविना चाललेला व्यापार होता आणि त्याचे एकमेव भांडवल होते पत.

या उद्योगाचा आरंभ एका बँकेच्या खातेवहीपाशी जाऊन पोहोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ साली मुंबईत झाली. वर्षभरात फकीरचंद कोहली टाटांच्या वीज कंपनीतून तेथे आले. या संस्थेच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांतर्गत व्यवहारांच्या ताळमेळाचे होते. ज्यांनी बँकेत हयात घालवली, त्यांना या कामाचे स्वरूप वेगळे सांगावे लागणार नाही. सोलापूरच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट कानपूरच्या शाखेत वटला, तर एका वहीतील नावे नोंद व दुसऱ्या वहीतील जमा नोंद कोठेतरी एकमेकींना भेटली पाहिजेत. शेकडो शाखा आणि लाखो नोंदी असल्यावर ही भेट महिनोन्‌महिने रखडते आणि रखडलेल्या नोंदींच्या आड अफरातफर लपते. अशा नोंदी जुळवण्याच्या कंटाळवाण्या कामातून भारतीय संगणक व्यवसायाने अचूकतेचा पहिला धडा गिरवला.

मात्र संगणक मिळवणे हीच त्या काळी मोठी तपश्चर्या होती. परकीय चलन दुर्मीळ होते आणि यंत्राच्या आयातीसाठी दिल्लीच्या अनेक पायऱ्या झिजवाव्या लागत. १९७२ मध्ये सरकारने एक योजना आखली. संगणक आयात करावयाचा असेल, तर त्याच्या किमतीच्या दुप्पट सॉफ्टवेअर ठरावीक मुदतीत निर्यात करून दाखवावे, अशी तिची अट होती. योजनेमागचा विचार सरळ होता: जेवढे डॉलर बाहेर गेले त्याहून अधिक डॉलर परत आले पाहिजेत. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे देशातील सुशिक्षितांनाही नीट ठाऊक नसताना त्याच्या निर्यातीची हमी देणारे उद्योजक निघाले, ही साधी गोष्ट नव्हे. १९७३ मध्ये मुंबईत सांताक्रूझ येथे इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी स्वतंत्र क्षेत्र उभे राहिले. आज ते सीप्झ या नावाने ओळखले जाते.

त्याच सुमारास अमेरिकेतील केंब्रिज या गावी नरेंद्र पाटणी आणि त्यांच्या पत्नी पूनम पाटणी यांनी एक प्रयोग केल्याची हकीकत आहे. छापील मजकूर संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात भारतात उतरवून घेता येईल काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी घरातील एका खोलीला अमेरिका मानले, दुसरीला भारत. दोन्ही खोल्यांतील माणसांनी एकमेकांशी बोलावयाचे नाही. जे सांगावयाचे ते कागदावर लिहूनच कळवावयाचे. हजारो मैलांवरच्या माणसाला न भेटता, न बोलता, केवळ लेखी सूचनांवर काम बिनचूक करून घेता येते की नाही, याची ती घरगुती परीक्षा होती. परीक्षा उतरली आणि पुढे ते काम पुण्यात सुरू झाले. पुढच्या अर्धशतकातील अब्जावधी डॉलरच्या व्यवसायाचे बीज या दोन खोल्यांत आहे. लिहिलेला शब्द अचूक असावा आणि दिलेला शब्द पाळला जावा, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून होते.

व्यापारी परंपरेच्या घरांना यात नवल वाटू नये. हुंडी म्हणजे अखेर कागदाचा तुकडाच असे. त्या कागदावर दूरदेशीच्या पेढीत रोकड मिळे, ती कागदामागच्या नावाच्या जोरावर. हुंडी एकदा नाकारली गेली की त्या पेढीला पुन्हा तोंड दाखवण्यास जागा राहत नसे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायाने इंग्रजी करारनामे वापरले, तरी त्याचा प्राण हुंडीचाच होता.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांच्या भागभांडवलावर ४० टक्क्यांची मर्यादा आणली. आयबीएमला ती मान्य झाली नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातून काढता पाय घेतला. अनेकांना तो संगणक युगाचा शेवट वाटला. प्रत्यक्षात मोकळ्या झालेल्या जागेत देशी माणसे शिरली. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो याच संधीचा लाभ घेऊन संगणकाकडे वळली. तेलातुपाचा व्यवसाय सांभाळणारे घराणे अदृश्य मालाच्या व्यापारात उतरले, ही खानदेशच्या मातीतील मोठी लक्षणीय घटना होय.

१९८१ च्या जुलैमध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी पाटणी यांच्याच कंपनीतून बाहेर पडले होते. सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिलेले १० हजार रुपये हे आरंभीचे भांडवल. गृहिणीच्या डब्यातून निघालेल्या पैशांनी किती संसार सावरले, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. या पैशांनी एक उद्योग उभा केला. दूरध्वनी मिळण्यास वर्ष लागले आणि संगणक आयात करण्यास त्याहून अधिक काळ गेला. तोवर या मंडळींनी अमेरिकेत ग्राहकाच्या दारी जाऊन, त्याच्याच यंत्रावर काम केले. त्या काळी बहुतांश निर्यात या मार्गानेच होत असे. माल पाठवण्याऐवजी माणूस पाठवावा लागे. १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूस गेली.

दहा वर्षांनी, १९९३ च्या फेब्रुवारीत, तिने ९५ रुपये दराने समभाग विक्रीस काढले, तेव्हा पुरेशी मागणीच आली नाही. अखेर मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी संस्थेने १३ टक्के भाग उचलला. बँकांप्रमाणेच सर्वसामान्य गुंतवणूकदारालाही या कंपनीचे तारण दिसत नव्हते. त्याला सिमेंटची भट्टी समजत होती, साखरेचे पोते समजत होते. आज्ञावली समजत नव्हती. ज्यांनी तेव्हा घेतले आणि राखून ठेवले, त्यांची पुढे भरभराट झाली. ज्यांनी घेतले नाहीत, त्यांच्या हळहळीच्या गोष्टी आजही लग्नसमारंभांत ऐकू येतात.

येथे १९९१ या वर्षापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण तारण या शब्दाचा सर्वांत कटू अर्थ त्या वर्षी देशाने अनुभवला. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी, म्हणजे एक अब्ज डॉलरच्या आसपास उरली होती. मे महिन्यात २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परदेशी देऊन डॉलर उभे करण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवण्यासाठी विमानाने रवाना केले. घरातील दागिना सावकाराकडे जाताना कुटुंबाला जे दुःख होते, तेच तेव्हा साऱ्या देशाला झाले. राष्ट्राची पत इतकी खालावली होती की शब्दावर कोणी डॉलर देण्यास तयार नव्हते.

नेमक्या त्याच वर्षी, १९९१ च्या जूनमध्ये, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्या वेळी खात्याचे सचिव एन. विठ्ठल होते. परवान्यांची वणवण संपवून सर्व मंजुऱ्या एकाच ठिकाणी द्याव्यात, यंत्रे शुल्काविना आणू द्यावीत, निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकराची सवलत असावी आणि उपग्रहाद्वारे परदेशाशी थेट दळणवळणाची सोय भाड्याने मिळावी, अशी ती योजना होती. पहिल्या केंद्रांत बंगळुरू व भुवनेश्वर यांच्या जोडीने पुणेही होते. उपग्रहाच्या त्या जोडणीचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट इतकाच होता. आज साध्या मोबाईललाही तो हास्यास्पद वाटेल. परंतु त्या बारीक वाटेने माणसाला विमानात न बसवता त्याचे काम परदेशी जाऊ लागले. देश सोने तारण ठेवत असतानाच त्याच्या एका कोपऱ्यात तारणाविना डॉलर मिळवण्याची वाट बांधली जात होती.

बँकांच्या परकीय चलन विभागात या नव्या निर्यातीने मोठी मौज उडवून दिली. निर्यात म्हटली की जहाजाची भरती पावती, विम्याचा कागद, सीमाशुल्क खात्याचा शिक्का आणि पतपत्र असा सारा लवाजमा आला. माल बंदरातून गेला याचा पुरावा असल्याशिवाय बिल स्वीकारावयाचे नाही, हे प्रत्येक अधिकाऱ्याच्या अंगी मुरलेले. आता माल तारेतून किंवा आकाशातून जाणार. त्याला ना वजन, ना माप, ना शिक्का मारण्यास जागा. यावर उपाय म्हणून सॉफ्टेक्स नावाचा स्वतंत्र नमुना आला. पार्कचा अधिकारी त्यावर निर्यातीचे मूल्य प्रमाणित करी आणि त्याच्या आधारे बँक परदेशातून आलेल्या रकमेशी मेळ घाली. न दिसणाऱ्या वस्तूसाठी दिसणारा कागद अखेर तयार झाला. कायदा आणि कारकुनी व्यवहाराच्या मागून चालतात, पण चालतात हे खरे.

भूगोलानेही हात दिला. भारतीय घड्याळ न्यूयॉर्कच्या घड्याळापुढे ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तास असते. अमेरिकी ग्राहकाने सायंकाळी अडचण लिहून पाठवावी, तो झोपलेला असताना पुण्यात किंवा बंगळुरूत तिची उकल व्हावी आणि सकाळी त्याला उत्तर तयार मिळावे. रात्रीचे वाया जाणारे तास कामी आल्याने ग्राहकाला एका दिवसात दोन दिवस मिळू लागले.

त्यानंतर सन २००० चा प्रश्न उभा राहिला. जुन्या संगणकांत स्मृतीची जागा महाग असल्यामुळे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची प्रथा पडली होती. १९९९ नंतर ‘००’ आले की यंत्र ते १९०० समजणार, व्याजाची आकडेमोड आणि विम्याच्या मुदती कोलमडणार, ही भीती होती. कोबोलसारख्या जुन्या भाषेत लिहिलेल्या कोट्यवधी ओळी डोळ्यांखालून घालून तारखा दुरुस्त करणे हे काम कोणालाच आकर्षक वाटत नव्हते. भारतीय अभियंत्यांनी ते पत्करले. दुरुस्ती करता करता त्यांना परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या कारभाराच्या साऱ्या खाचाखोचा कळल्या. १ जानेवारी २००० ची सकाळ शांतपणे उजाडली आणि भारतीय कंपन्यांच्या नावावर मोठी पत जमा झाली. त्यानंतर अमेरिकेत मंदी आली. तेव्हा खर्च कमी करण्यासाठी त्याच ग्राहकांनी अधिक काम त्याच विश्वासू हातांकडे सोपवले. जुन्या वहीतील चुका दुरुस्त करणाऱ्याच्या हाती पुढे किल्ल्या येतात, हा पेढीवरचा नियम येथेही खरा ठरला.

या साऱ्या काळात देशातील बँकांमध्ये मात्र वेगळे नाट्य चालू होते. संगणक आला की नोकऱ्या जातील, या भीतीने कर्मचारी संघटनांचा त्याला विरोध होता. १९८३ मध्ये व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीने वाट आखून दिली आणि खातेवह्यांत नोंदी करणारी यंत्रे शाखाशाखांत दिसू लागली. कारकुनाची ती भीती खोटी म्हणता येत नाही. त्याच्या मागे पगारावर अवलंबून असलेले घर होते. परंतु दिवसा संगणकाविरुद्ध घोषणा देणारा तोच कर्मचारी सायंकाळी मुलाला संगणकाच्या शिकवणीस पाठवी. व्यक्ती म्हणून तो भविष्य ओळखून होता, समूह म्हणून वर्तमान सांभाळत होता. या दोन्हींत ढोंग नव्हते. संसारी माणसाची सावधगिरी होती.

१९८३ मध्येच वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यावर टीका पुष्कळ झाली आणि देणग्यांच्या बाजाराबाबत ती रास्तही होती. तथापि, पुढे सॉफ्टवेअरला माणसे लागली तेव्हा ती याच महाविद्यालयांतून मिळाली, हेही तितकेच खरे. पूर्वी अभियंता होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या दक्षिण महाराष्ट्रातील मुलाला सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारखी मोजकी ठिकाणे होती. आता तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाच्या, किराणा दुकानदाराच्या, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुला-मुलींना ती वाट खुली झाली.

या वाटेवर बँकेनेही अखेर आपली जुनी फूटपट्टी बाजूला ठेवली. २००१ मध्ये आलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाख रुपयांपर्यंत तारण मागू नये, असे ठरले. ज्या बँकिंग व्यवस्थेने वीस वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर कंपनीला तारणाअभावी परत पाठवले होते, तिनेच आता त्या कंपनीत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या भावी कर्तृत्वावर कर्ज दिले. गुणपत्रिका आणि पालकांची सही एवढाच आधार होता. ज्या वडिलांनी आयुष्यात कधी उसने घेतले नाही, ते त्या सहीसाठी पेन हातात घेऊन क्षणभर थबकत. काही कर्जे थकली हे नाकारता येणार नाही; परंतु पहिल्या पगारातून हप्ता भरण्यास अभिमानाने येणारी मुलेही प्रत्येक शाखेने पाहिली आहेत.

पुण्यात १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट ही कंपनी सुरू केली. कीर्तने आणि पंडित या सनदी लेखापालांच्या संस्थेतून केपीआयटी निघाली. हिशेब तपासणाऱ्यांच्या घरात सॉफ्टवेअरचा उद्योग जन्मला, ही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जमिनीचा पैसा काही कुटुंबांनी राखला, काहींच्या हातून तो पाण्यासारखा वाहून गेला. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडील घरे पुण्याच्या आणि तेथून अमेरिकेच्या वाटेला लागली. अमेरिकेने एच-१बी परवान्यांची वार्षिक संख्या ६५ हजारांवरून काही वर्षांपुरती १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढवली होती, त्या काळात तर गल्लीगल्लीतून पेढे वाटले गेले.

या जमेच्या बाजूला एक नावे बाजूही आहे आणि ताळेबंद मांडणाऱ्याने ती झाकू नये. गावाकडे दुमजली घर बांधले गेले. वरचा मजला मुलासाठी. तो मजला वर्षातील पंधरा दिवस उघडतो. नातवंडे पडद्यावर हात हलवतात आणि आजी त्यांच्याशी जुळेल अशी मराठी शोधत राहते. औषधांना पैसा कमी पडत नाही. दवाखान्यात सोबत येणारे माणूस कमी पडते. मुलगा कृतघ्न आहे असे नव्हे. तोही तेथे रात्री-अपरात्री भारतातील सहकाऱ्यांशी बोलत जागा असतो. ज्या कालांतराने व्यवसायाला दोन दिवस मिळवून दिले, त्याच कालांतराने घराची एकत्र भोजनाची वेळ हिरावली. हा हिशेब डॉलरमध्ये मांडता येत नाही, म्हणून तो कोणत्याही अहवालात नसतो.

पतीवर उभा असलेला व्यापार पत गेल्यावर कसा हादरतो, याचा प्रत्यय ७ जानेवारी २००९ रोजी आला. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की, वर्षानुवर्षे हिशेब फुगवलेले होते. ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. बँकेतील शिल्लक ही लेखापरीक्षणातील सर्वांत सोपी, सर्वांत निर्विवाद बाब मानली जाते. बँकेकडून थेट पुष्टी मागवली की प्रश्न मिटतो. तेथेच ही फसवणूक इतकी वर्षे खपली. जो उद्योग शाखांतर्गत ताळमेळाच्या कामातून जन्मला, त्याच उद्योगातील एका नामांकित कंपनीच्या वह्यांचा ताळमेळ कोणी घातला नव्हता. सुमारे ५० हजार कर्मचाऱ्यांचे भवितव्य एका पत्राने टांगणीला लागले.

त्यानंतरचे वर्तन मात्र नोंद घेण्यासारखे आहे. सरकारने काही दिवसांत नवे संचालक मंडळ नेमले, एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि त्या तीन महिन्यांत हजारो अभियंते उद्याच्या पगाराची खात्री नसताना ग्राहकांचे काम करीत राहिले. मालकाने मोडलेला शब्द नोकरांनी पाळला. कंपनी वाचली ती यामुळे.

आज हा उद्योग पुन्हा एका वळणावर आहे. त्याने आजवर प्रामुख्याने तास विकले. किती माणसे, किती तास, तासाला किती डॉलर, असा तो हिशेब. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञावली लिहू लागली आहे आणि दहा तासांचे काम दोन तासांत होत असेल, तर ग्राहक दहा तासांचे पैसे का देईल? २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले. ज्या घरांनी बारावीच्या गुणांवर संसाराची पुढची वीस वर्षे आखली होती, त्या घरांत आज अस्वस्थता आहे. १९८३ मधील कारकुनाची भीती आता त्याच्या अभियंता मुलाच्या मनात उतरली आहे.

या भीतीला धीर देणारे उत्तर त्या कारकुनाच्याच पिढीने आपल्या हयातीत पाहिले आहे. नव्या सहस्रकात कोअर बँकिंग आले, स्टेट बँकेसारख्या अवाढव्य बँकेच्या शाखा टीसीएसच्या साहाय्याने एका प्रणालीने जोडल्या गेल्या आणि शाखांतर्गत ताळमेळाचे ते जुने काम जवळजवळ नाहीसे झाले. काम गेले, ते काम समजून करणारा माणूस गेला नाही. ज्याला केवळ आकडे उतरवता येत होते त्याची अडचण झाली; ज्याला व्यवहार कळत होता, त्याला नव्या यंत्रापुढेही खुर्ची मिळाली. कोहली यांनी उतारवयात संगणकाच्या साहाय्याने प्रौढांना मातृभाषेत वाचन शिकवण्याच्या उपक्रमाला वाहून घेतले होते. परक्यांचे हिशेब जुळवून देणाऱ्या बुद्धीला घरच्या माणसासाठीही कितीतरी काम शिल्लक आहे, याची ती खूण होती. शेतमालाचा बाजार, सहकारी संस्थांचे दफ्तर, न्यायालयांतील प्रलंबित कागद, मराठी लिहिणारी-बोलणारी यंत्रे, ही सारी कामे कोणाची तरी वाट पाहत आहेत.

कॅश क्रेडिटची मर्यादा एकदा मंजूर झाली म्हणून जन्मभर चालत नाही. ती दरवर्षी नूतनीकरणास येते. खातेदार कितीही जुना असो, त्याला नवा ताळेबंद घेऊन यावेच लागते आणि अधिकारी गेल्या वर्षीचे आकडे बाजूला ठेवून यंदाचे पाहतो. सॉफ्टवेअर उद्योगाच्या पतीचे नूतनीकरण आता होऊ घातले आहे. तासांचा साठा मोजून ते होणार नाही. काम समजून घेण्याची कुवत, चूक कबूल करून ती दुरुस्त करण्याची तयारी आणि दिलेला शब्द, एवढेच कागद या वेळीही जोडता येतील. तारणाचा रकाना पूर्वीही कोराच होता.